दहाव्या दिवसाचा डोस

म्हैस विते, वार पडते, चुलीवर खरवसाचं भांडं चढतं, आणि त्याच आठवड्यात रेडकाच्या पोटात जंत उतरतात. ते मातीतून येत नाहीत की डबक्याच्या पाण्यातूनही येत नाहीत. आईच्या सडातून येतात. सांगोल्यासारख्या उन्हाने भाजून निघालेल्या तालुक्यात, झाडूनलोटून लख्ख ठेवलेल्या गोठ्यातही ते येतात, कारण रेडकापर्यंत पोचायची त्यांची वाट जमिनीवरून जातच नाही.

या जंताचं शास्त्रीय नाव टॉक्सोकारा व्हिट्यूलोरम. पांढुरका, गोल, दोन्ही टोकांना निमुळता, पुरता वाढला की वीतभर, कधी त्याहून लांब. मोठ्या म्हशीने किंवा गाईने चाऱ्याबरोबर त्याची अंडी गिळली की आतून अळ्या निघतात, पण तिच्या आतड्यात त्या थांबत नाहीत. यकृतात, फुप्फुसात, स्नायूंत शिरून नुसत्या पडून राहतात. म्हैस धडधाकट दिसते, दूध देते. तिचं शेण तपासलं तर एक अंडं सापडत नाही. गाभणपणाच्या शेवटी या अळ्या जाग्या होऊन कासेकडे सरकतात आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत चिकातून, दुधातून रेडकाच्या पोटात जातात. तिथे मात्र त्यांची वाढ होते. साधारण तीन आठवड्यांत मादी अंडी घालू लागते. रेडकू चार ते सहा महिन्यांचं झालं की बहुतेक जंत आपोआप पडून जातात. म्हणजे तोवर जगलं तर रेडकू सुटतं; पण त्या काळात त्याच्या शेणातून रोज लाखो अंडी गोठ्यात सांडलेली असतात. जाड कवचाची ही अंडी सावलीत आणि ओलीत महिनोन्‌महिने टिकतात. त्यातली काही पुन्हा गव्हाणीतून म्हशीच्या पोटात जातात आणि पुढच्या वेताची तजवीज होते.

जंत दुधावाटे जातो हे शास्त्रज्ञांनाही नीट उमगलं ते १९७०च्या दशकात. एकदा उमगल्यावर हिशेब सोपा झाला. दहाव्या दिवसानंतर दुधातून नव्या अळ्या जवळपास येत नाहीत, आणि आलेल्या जंतांनी अजून अंडी घालायला सुरुवात केलेली नसते. दहा ते सोळा दिवसांच्या या खिडकीत औषध दिलं तर रेडकू वाचतं आणि गोठाही. श्रीलंकेत १९८०च्या दशकात म्हशींच्या आणि गाईंच्या वासरांवर या पद्धतीने काम झालं. त्यासाठी भारी औषध लागत नाही. पायपराझिन हे १९५०च्या दशकापासून वापरात असलेलं, माणसांच्या पोरांनाही पाजलं गेलेलं स्वस्त औषध या कामाला चालतं, पायरँटेलही चालतं.

आपल्याकडे औषध दिलं जातं ते दोन-अडीच महिन्यांनी. केस राठ झाले, पोट सुटलं, मागचे पाय आणि शेपूट घाणीने माखली, चिकणमातीच्या रंगाची, नाक धरायला लावणारी हगवण लागली, की मग माणूस दवाखान्याची पायरी चढतो. “डॉक्टर, रेडकाला हागवन लागलीया, कायतरी द्या.” तोवर जंतांचा गुंता आतड्यात भरलेला असतो. अशा वेळी सगळे जंत एकदम मेले तर त्यांच्या गोळ्यानेच आतडं तुंबण्याचा धोका असतो. रेडकू दगावतं आणि “औषिद पाजलं अन्‌ मेलं” ही गोष्ट वस्तीवर वर्षानुवर्षं राहते. पुढच्या वेताला मग औषधच नको.

आणखी एक समजूत आहे, तिच्यात तर कार्य आणि कारण यांची सरळ अदलाबदल झाली आहे. रेडकू माती चाटतं, म्हणून त्याला जंत होतात, असं गावोगाव मानलं जातं. त्यावर उपाय म्हणून तोंडाला मुसकं बांधतात. मुळात जंतांनी पोषण ओढून घेतल्याने आणि क्षारांची कमतरता झाल्याने रेडकू मातीला तोंड लावतं. मुसक्याने माती थांबते, जंत तसेच राहतात, आणि चारा चघळायला शिकण्याच्या वयात पिल्लाचं तोंड बांधलेलं राहतं. चिकाचंही तसंच. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, पाजला तर पोट बिघडतं, ही समजूत अजून मेलेली नाही. जंत चिकातून येतात हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, बघा, आमचे म्हातारे बरोबरच होते. ते बरोबर नव्हते. अळ्या दुधातून आठवडाभर येत राहतात, त्यामुळे चीक तोडून त्या अडत नाहीत. उलट पहिल्या काही तासांत चिकातून जी रोगप्रतिकारशक्ती मिळते, ती चोवीस तासांनंतर पाजलेल्या चिकातून मिळत नाही, कारण तोवर पिल्लाच्या आतड्याने ती रक्तात घेण्याचं थांबवलेलं असतं. चीक लवकर आणि भरपूर पाजायचा, आणि जंताचा बंदोबस्त दहाव्या दिवशी करायचा. या दोन कामांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात.

सांगोला हा माणदेशाचा पूर्वेकडचा भाग. माण नदी तालुक्यातून वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहिली तर वाहते. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. अशा भागात शेतीपेक्षा जनावर भरवशाचं. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस याच पट्ट्यातली. कोल्हापूरच्या गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकण्याची जी पद्धत आहे, तिथेही हीच म्हैस नावाजलेली. खिलार बैल इथला, उस्मानाबादी शेळी इथे सर्रास, आणि शेजारच्या जत तालुक्यातली उंच, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी इथल्या वाड्यांतूनही दिसते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र याच तालुक्यात महूदला आहे. आणि दर रविवारी सांगोल्याला जनावरांचा बाजार भरतो.

बाजारात गिऱ्हाईक दात बघतो, कास बघतो, खूर उचलून बघतो, खिलाराच्या खोंडाला चालवून बघतो. करडाच्या पाठीवरून हात फिरवून मणक्यावर मांस किती हे अंगठ्याने जोखतो. शेपटाखालचे केस कोरडे आहेत का, हे फार थोडे बघतात. खरं तर विकत घेतलेल्या पिल्लाची सगळी हकीकत तिथे लिहिलेली असते. दिवसभर उन्हात, भुकेलं, एकमेकांच्या लेंड्यांवर उभं राहिलेलं करडू रात्री टेम्पोतून नव्या घरी जातं आणि सरळ घरच्या कळपात मिसळतं. दोन आठवडे वेगळं बांधा, असं सांगितलं तर ऐकणारा हसतो. वेगळं बांधायला जागा कुठे आहे?

पण जागेपेक्षा मोठा प्रश्न किमतीचा आहे, आणि तो उघड बोलला जात नाही. खिलार गाईला खोंड झालं तर त्याला दूध सोडलं जातं, वेळेवर औषध मिळतं, पुढे खुराकात कोंबडीची अंडी आणि उडीदही मिळतात. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये हिरवा कंदील दाखवल्यापासून तर खोंडाचा रुबाब वाढलाच आहे. म्हशीला वगार झाली तर तिच्याकडेही लक्ष असतं. रेडा झाला, किंवा संकरित गाईला गोऱ्हा झाला, तर त्याच्या वाट्याला पान्हा सुटण्यापुरती दोन चोखणी येतात. बाकीचं दूध डेअरीला. ट्रॅक्टर आल्यावर नराला काम उरलं नाही, आणि २०१५पासून राज्यात गोवंश हत्याबंदी कडक झाल्यावर संकरित गोऱ्ह्याला बाजारही उरला नाही. अशा पिल्लासाठी दवाखान्याची फेरी मारायला कुणाचा पाय निघत नाही. हे क्रौर्य म्हणून होत नाही, घरखर्च म्हणून होतं. पण त्यात हिशेबाची एक चूक आहे. वगार आणि रेडा एकाच गोठ्यात बांधलेले असतात. न पाजलेल्या रेड्याच्या शेणातली अंडी पाजलेल्या वगारीच्या गव्हाणीत जातात. वगार मोठी होते, गाभण राहते, आणि तिच्या कासेत त्या दुर्लक्षित रेड्याचे जंत असतात. फुकट गेला म्हणून ज्याला औषध दिलं नाही, तो पुढच्या वेताला महाग पडतो.

शेळ्यामेंढ्यांकडे वळलं की जंत बदलतो आणि कहाणीही बदलते. इथला मुख्य शत्रू हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. तो काटेकोरपणे आतड्यातला नव्हे, चौथ्या पोटातला. दोन-तीन सेंटिमीटरचा, रक्ताची लाल आणि गर्भाशयाची पांढरी नळी एकमेकींभोवती पिळल्यासारखी दिसणारा. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. आकडा हास्यास्पद वाटतो. पण पाच हजार जंत म्हणजे दिवसाला पाव लिटर, आणि करडाच्या अंगात रक्तच किती असतं? एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. फसवणूक अशी, की या जंताने सहसा हगवण लागत नाही. लेंड्या घट्ट पडतात, म्हणून जंताचा संशयच येत नाही. मेंढरू मागे पडू लागतं, संध्याकाळी चरून आल्यावर जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसतं, सकाळपर्यंत ते कमी होतं, आणि एखाद्या दिवशी चालता चालता ते बसतं ते उठतच नाही.

लेंडीतून पडलेल्या अंड्याला ऊब आणि ओल मिळाली तर आठवड्याच्या आत अळी तयार होते आणि दवाच्या थेंबातून गवताच्या पात्यावर चढते. ओल नसेल तर ती मरते. म्हणून माणदेशाचा रखरखाट हा जंताचा वैरी होता. आठ महिने जमीन इतकी कोरडी, की अळी जगायचीच नाही. धनगरांची पावसाळ्यातली वस्ती या कोरड्या पट्ट्यात आणि दिवाळीनंतर भटकंती ओलिताच्या भागाकडे, ही रीत माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी धनगरांच्या अभ्यासात मांडली आहे. दख्खनी मेंढीला चिखल आणि ओल सोसत नाही, हे मेंढक्याला कुणी शिकवावं लागलं नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने मराठी वाचकाला या मुलखाचा दुष्काळ दाखवला तो मेंढरं मारणारा. तो मारतोच. पण चाऱ्यावाचून मारणारा तोच दुष्काळ जंतांनाही मारत होता, ही दुसरी बाजू कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

आता टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचलं आहे. ठिबकवर डाळिंब आहे, मका आहे, बांधाला बारमाही हिरवं गवत आहे. माणसांच्या दृष्टीने हे दोन पिढ्यांच्या लढ्याचं फळ. गणपतराव देशमुख या एका मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले, आणि त्यांच्या राजकारणाचा मोठा भाग पाण्याभोवती फिरला. पण पाटाच्या कडेचा तो हिरवा पट्टा आता उन्हाळ्यातही अळ्यांना जगवतो. शेळी मूळची पाला ओरबाडणारी; बाभूळ, बोर, हिवर असं मान वर करून खाणारी. अळी जमिनीपासून चार बोटांत असते, शेळीचं तोंड त्याच्या बरंच वर असायचं, त्यामुळे मेंढीइतकी जंतांविरुद्धची ताकद तिच्यात कधी तयारच झाली नाही. तिला दाव्याला बांधून बांधावरचं आखूड, दवाने भिजलेलं गवत सकाळी सहाला खायला लावलं की तिचं हे कवच गळून पडतं. दव सुकल्यावर सोडा, एवढी साधी सूचना. पण सकाळी माणसाला डाळिंबाच्या बागेत जायचं असतं.

तिसरी गोष्ट रक्ती हगवणीची. करडू-वासरू तीन आठवड्यांपासून पाच-सहा महिन्यांचं असताना, विशेषतः दूध तोडल्यावर किंवा दाटीत बांधल्यावर, शेणातून रक्त आणि शेंबूड पडू लागतो, पिल्लू कुंथत राहतं. घरात अल्बेंडाझोल या जंतनाशकाची बाटली असते, ती पाजली जाते. फरक पडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजली जाते. हा जंतच नव्हे. आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव आतड्याच्या अस्तरात शिरून पेशी फोडत असतो. त्याला सल्फा गटातली औषधं किंवा अँप्रोलियम लागतं, अल्बेंडाझोल त्याचं काही वाकडं करत नाही. रक्त दिसतं तेव्हा आतड्याची नासधूस बरीचशी होऊन गेलेली असते, त्यामुळे खरा इलाज कोरडी जमीन आणि मोकळी जागा. २०१३ आणि २०१९च्या दुष्काळात या तालुक्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरांचे जीव त्यांनी वाचवले यात शंका नाही. पण शेकडो जनावरं एका जागी, पाण्याच्या हौदाभोवती कायमची ओल, आणि चारा मिळायचा तो मोठं जनावर आणि लहान जनावर असा मोजून. त्या मोजणीत लहान जनावर म्हणजे चाऱ्याची निम्मी गरज. ओल्या जमिनीवर बांधलेलं रोगाला सर्वांत आधी बळी पडणारं पोट, अशी त्याची मोजणी कुठल्याच नियमावलीत नव्हती.

लेंडीत शिजलेल्या भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले की मात्र सगळा गाव घाबरतो. ते पट्टकृमीचे तुकडे. दिसायला किळसवाणे, पण मारण्याच्या बाबतीत हिमॉन्कसच्या जवळपासही नाहीत. दिसतं त्याची भीती, न दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष.

पट्टकृमीवरचा एक जुना इलाज सांगोल्याच्या अंगणातच उभा आहे, हे बागाईतदारांना सहसा ठाऊक नसतं. डाळिंबाच्या मुळांची साल. आयुर्वेदात ती कृमिघ्न म्हणून आहेच, पण प्राचीन इजिप्तच्या वैद्यकातही तिचा वापर नोंदला गेला. एकोणिसाव्या शतकात शार्ल ताँरे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने त्या सालीतून अल्कलॉइड वेगळं काढलं आणि आपल्या देशबंधू पेल्तिएच्या नावावरून त्याला पेलेटिएरीन म्हटलं. गेल्या काही वर्षांत तेल्या, मर आणि खोडकिडीने सांगोल्यात कितीतरी बागा उपटल्या गेल्या, मुळांचे ढीग बांधावर पडले. त्यातून कुणी काढा करावा असं मी सुचवत नाही. औषध आणि विष यांतलं अंतर त्या सालीत फार थोडं आहे. पळसाच्या बिया आणि वावडिंग यांचाही वापर आहे, पण मात्रा वजनावर ठरवण्याची शिस्त नसेल तर झाडाचं औषध आणि बाटलीतलं औषध सारखंच वाया जातं.

बाटलीतलं कसं वाया जातं, ते बघण्यासारखं आहे. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१मध्ये आलं आणि तीन वर्षांत अमेरिकेतल्या केंटकीत त्याला न जुमानणारा हिमॉन्कस सापडला. भारतातही १९७०च्या दशकातच औषधाला दाद न देणाऱ्या जंतांची नोंद झाली. अल्बेंडाझोल त्याच कुळातलं. कळपातल्या प्रत्येक जनावराला एकाच टोपणाने, नजरेच्या अंदाजाने औषध पाजलं की मोठ्यांना ते कमी पडतं. कमी मात्रेत कमजोर जंत मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच असते. त्यात शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, म्हणून तिला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते. बाटलीवर मात्र बहुतेक वेळा मेंढी-शेळी एकाच ओळीत असतात. नुकत्याच गाभण गेलेल्या शेळीला अल्बेंडाझोल दिलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. आणि घाईत पिल्लाची मान वर ताणून पाजलं तर औषध फुप्फुसात उतरतं, ठसका लागतो, दोन दिवसांनी पिल्लू दगावतं, आणि दोष पुन्हा औषधाला.

सरसकट पाजण्याला एक पर्याय दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान यांनी १९९०च्या दशकात रूढ केला. मेंढीची खालची पापणी उलटायची, आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा. लालभडक असेल तर सोडून द्यायचं, फिकट असेल त्यालाच पाजायचं. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, म्हणून हे चालतं. न पाजलेल्या जनावरांच्या पोटात औषध न पाहिलेले जंत उरतात आणि चिवट जंतांचं राज्य होत नाही. तक्ता नसला तरी डोळा आणि हिरडी बघणारा जाणता मेंढका इथे आहेच. फक्त पांढरी पापणी दिसल्यावर तो सगळ्या वाड्याला औषध पाजून मोकळा होतो.

दुसरा पर्याय शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला शोधला गेला. बनबिहारी निंबकर यांनी उभ्या केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या मदतीने मेंढ्यांवर काम सुरू केलं. सुंदरबनातली छोटीशी गरोळ मेंढी आणून दख्खनीशी संकर केला. त्यातून जुळी देणारी ‘सुवर्णा’ मेंढी निघाली आणि तिचंच नाव झालं. पण त्या प्रकल्पाच्या शीर्षकात जुळ्यांच्या जोडीने जंतप्रतिकारक्षम मेंढी हेही उद्दिष्ट होतं, आणि पाणथळीत वाढलेली गरोळ हिमॉन्कसला दख्खनीपेक्षा जास्त तोंड देते, हे तिथे दिसलं. जुळी कोकरं पैशात मोजता येतात. न मेलेलं कोकरू मोजता येत नाही, म्हणून त्या अर्ध्या कामाची चर्चा कमी झाली असावी.

शेण तपासणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. मिठाच्या संपृक्त पाण्यात शेण ढवळलं की अंडी वर तरंगतात, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. टॉक्सोकाराचं खडबडीत कवच, हिमॉन्कसच्या गटाचं पातळ, आयमेरियाचे सूक्ष्म गोळे. कोणतं औषध द्यायचं हे दहा मिनिटांत कळतं. पोर आजारी पडल्यावर रक्त-लघवी तपासायला लगेच धावणारा माणूस जनावराचं शेण घेऊन दवाखान्यात जायला संकोचतो, आणि नेलं तरी तपासायला तिथे माणूस मोकळा असेलच असं नाही. शाळकरी मुलांसाठी २०१५पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी देतात ती गोळीही अल्बेंडाझोलचीच. तसा एक दिवस जनावरांसाठीही ठरवा, अशी मागणी कुणी केली तर ऐकायला बरी वाटेल, पण रेडकाच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे. प्रत्येक रेडकाचा दहावा दिवस वेगळा.

तो दिवस शोधायला नवी यंत्रणाही लागत नाही. महाराष्ट्रात १ जून २०२४पासून जनावरांच्या कानाला बिल्ला सक्तीचा झाला. बारा आकडी क्रमांकाखाली ‘भारत पशुधन’ प्रणालीत रेतन, गाभण तपासणी आणि वेताची तारीख नोंदवायची सोय आहे. मालकाचा मोबाइल क्रमांकही तिथेच असतो. वेताच्या तारखेत दहा मिळवून त्या क्रमांकावर एक निरोप गेला, आणि त्याच दिवशी दूध घालायला आलेल्या माणसाच्या हाती डेअरीतून पायपराझिनची बाटली गेली, तर सांगोल्यातल्या वगारीला आणि रेड्याला, दोघांनाही औषध वेळेवर मिळेल. डेअरीत फॅट लावायचं यंत्र सकाळी सहाला सुरू होतं. बाटली ठेवायला त्याच्या शेजारी फळी आहे.